गाडी बसत नाही

“नीट बसा मामा. शर्यतीत बसता तसं.”

“बसलोय की.”

“पाय फूटरेस्टवर घ्या. दोन्ही.”

“दोन्ही घेतले तर पडंन मी.”

“उस्मानचाचांनी धरलंय मागून.”

“म्हणूनच म्हणालो,” मामा म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, जयसिंगराव सरनोबत. आमच्या कोल्हापुराकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात, नातं असो वा नसो. मामांचं वय तेव्हा बासष्ट होतं. उद्यमनगरातल्या आमच्या मशीन शॉपमध्ये, भर दुपारी, डोक्यात हेल्मेट, अंगात चामडी जर्किन आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून ते एका जागच्या न हलणाऱ्या मोटरसायकलवर बसले होते. कामाचं विचारायला आलेलं गिऱ्हाईक दारात थोडा वेळ थांबायचं, आत बघायचं आणि ‘नंतर येतो’ म्हणून निघून जायचं.

मी पुढच्या चाकापाशी उकिडवी बसून हातातली मापाची लोखंडी पट्टी शॉकअपला लावत होते. गाडीच्या पुढच्या चाकाला दोन बाजूंनी दोन नळ्या असतात. आत स्प्रिंग असते, तेल असतं. माणूस गाडीवर बसला की नळ्या थोड्या खाली जातात. याला आम्ही ‘गाडी बसते’ म्हणायचो. कमी बसली तर चाक प्रत्येक दगडावरून उडतं. जास्त बसली तर उंचवट्यावरून उडी मारल्यावर नळ्या तळाला आपटतात आणि स्वार हँडलवरून पुढं जातो. किती बसावी हे बसणाऱ्याच्या वजनावर असतं. म्हणून शर्यतीच्या गाडीचा शॉकअप त्या माणसाला वर बसवूनच लावावा लागतो. शिंपी माप घेतो तसा.

“किती?” मामांनी हेल्मेटमधून विचारलं.

“कमी.”

“परत?”

“परत.”

“स्प्रिंग कडक झाली असंल,” मामा म्हणाले आणि उतरले.

स्प्रिंग वापरून कधी कडक होत नाही. ती थकते. हे मामांना माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि उस्मानचाचांना तर होतंच. पण त्या वेळी कुणीच काही बोललं नाही, कारण चहा आला होता.

या गोष्टीला आता वीस वर्षं होऊन गेली. तेव्हा माझं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. माझे पती धैर्यशील विमा कंपनीत होते. त्यांना हाताला तेल लागलेलं चालत नसे, स्वतःच्याही आणि माझ्याही. मी मिरजेला डिप्लोमा केला होता, पण सरनोबतांच्या घरात त्याचा उपयोग फ्रेम करून भिंतीला लावण्यापलीकडं होईल असं कुणाला वाटत नव्हतं. मग एकदा आमचा लेथवरचा माणूस गावच्या जत्रेला गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहे खात होते. मामांनी बशीशेजारी एक ड्रॉइंग ठेवलं आणि म्हणाले, “पद्मजा, हे आज लागणार आहे.” एवढंच. जमेल का, येतं का, काही नाही. त्या दिवसापासून लेथ माझी झाली. धैर्यशील अधूनमधून बी.एड. करण्याबद्दल सुचवायचे. मामा त्या वेळी वर्तमानपत्र वाचायचे. लेथवर मी होते ती फक्त त्यांच्या त्या एका वाक्यावर होते, हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि मला सगळ्यांत जास्त.

उस्मान शिकलगार हे मामांचे तरुणपणापासूनचे प्रतिस्पर्धी. दोघांनी मिळून त्या काळी माळरानावरच्या शर्यती गाजवल्या होत्या. तेव्हा शर्यतीची तयार गाडी कुठली मिळायला? रस्त्यावरची येझदी घ्यायची, दिवे काढायचे, मडगार्ड उचलायचे, हँडल रुंद करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. एक्याऐंशी सालच्या शेवटच्या शर्यतीत मामा पुढं होते. मोठ्या उंचवट्यावरून गाडी उडाली, खाली आली, आणि शॉकअप तळाला आपटला. तो ‘ठण्ण’ आवाज पार मंडपापर्यंत ऐकू आला म्हणे. मामा हँडलवरून पुढं गेले. मागून आलेले उस्मानचाचा जिंकले. चाचांच्या घरात कप आहे, मामांच्या खांद्यात सळई आहे. पुढं रोज संध्याकाळी चाचा आमच्या शॉपमध्ये चहाला यायला लागले. त्या शर्यतीवरून दोघांत कधी भांडण झालं नाही. शॉकअप हरला यावर दोघांचं एकमत होतं. फक्त चाचा त्याला ‘आणि वर बसलेला माणूस’ एवढं जोडायचे.

त्या वर्षी गणपती झाल्यावर बातमी आली की मोटार क्लब जानेवारीत जुन्या गाड्यांची शर्यत भरवणार. गाडी जुनी पाहिजे आणि माणूसही. पन्नाशीच्या आतल्याला प्रवेश नाही. बातमी चाचांनी आणली. मामांनी चहाचा कप खाली ठेवला, उठले, माळ्यावर शिडी लावली आणि ताडपत्रीखालची गाडी खाली काढली. त्यावर चर्चा झाली नाही.

इंजिन दोन आठवड्यांत सुरू झालं. पण पुढच्या जुन्या शॉकअपकडं मामा बघायला तयार नव्हते. गोव्यात एकाकडं त्याच काळातल्या जपानी मोटोक्रॉस गाडीचा पुढचा अर्धा भाग होता. तो ट्रकमधून आला. मागचा अर्धा भाग त्याच्याकडं होता की नाही ते त्यानं सांगितलं नाही.

एका गाडीचा शॉकअप दुसरीला लावणं म्हणजे मुलगी बघून लगेच मंगळसूत्र घालण्याइतकं सोपं नसतं. जपानी नळ्या जाड, त्या येझदीच्या पकडीत जाईनात. म्हणून नळ्या धरणारी टी सुद्धा जपानीच घ्यायची ठरली. मग तिचा मधला दांडा येझदीच्या फ्रेमला लांब पडायला लागला. मी लेथवर नवा दांडा टर्न केला. बेअरिंग बसायच्या जागी मामा तो हातात घेऊन उजेडात फिरवायचे आणि परत माझ्या हातात द्यायचे. म्हणजे तिथून अजून केसभर काढायचं. तिसऱ्यांदा त्यांनी तो परत दिला नाही, बेअरिंग दाबून बसवायला थेट प्रेसखाली ठेवला. मग एक्सलचे बुश, ब्रेक धरायची पट्टी, एकेक करत गाडीचं तोंड जपानी झालं.

“हरणाला घोड्याचं तोंड लावलंय,” चाचा म्हणाले.

“तुझ्या गाडीला तर तोंडच नाही,” मामा म्हणाले.

पहिल्यांदा मामांना बसवलं तेव्हा गाडी जरा जास्तच बसली. मी स्प्रिंगवर ठेवायला नळीचा एक तुकडा कापला, त्यानं स्प्रिंग थोडी दाबलेली राहते. थोडं तेल वाढवलं. मोरेवाडीच्या माळावर मामांनी फेरी मारली, परत आले, हेल्मेट काढलं. मी विचारलं, “कसं आहे?” “बरं आहे,” म्हणाले. मामांच्या भाषेत हे प्रशस्तिपत्र होतं. मी नळीवर एक रबरी रिंग चढवली होती, गाडी बसली की ती सरकते; ती थांबली त्या जागी मी खूण करून ठेवली. काम संपलं होतं.

दिवाळीनंतर चाचांच्या आग्रहावरून पुन्हा माप घेतलं. गाडी खुणेपर्यंत बसेना.

मी तुकडा थोडा कमी केला. पंधरवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा कमी केला. त्यानंतरची ती दुपार, जी मी सुरुवातीला सांगितली. आता एकूण फरक बोटाच्या पेरभर झाला होता. पेरभर म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण शॉकअपमध्ये पेरभर फरक आपोआप पडत नाही.

चहा पिऊन मामा बँकेत गेले. मी शॉकअप खोलला. तेल तेवढंच होतं. नळ्या सरळ होत्या, कुठं अडकत नव्हत्या. स्प्रिंगा काढून प्रेसखाली वजन ठेवून दाबल्या. पहिल्या दिवशी जेवढ्या दबल्या होत्या तेवढ्याच दबल्या. सगळं परत जोडलं आणि उस्मानचाचांना म्हणाले, “चाचा, तुम्ही बसा.”

“मी? त्याच्या गाडीवर?”

“बसा की. ते बँकेत आहेत.”

चाचा इकडं तिकडं बघून बसले. गाडी खुणेच्याही खाली गेली. चाचांचं आणि मामांचं वजन सारखंच. दोघं एकमेकांचे कोट घालून लग्नाला जात.

चाचा उतरले. रिंगेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“स्प्रिंग बरी आहे म्हणायची,” ते म्हणाले.

“हो.”

“तेल?”

“बरोबर आहे.”

चाचांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “मी उद्या येतो बेटा,” म्हणाले आणि त्या दिवशी दुसरा चहा न घेता गेले. चहा टाळताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

स्प्रिंग तीच, तेल तेच, पट्टी तीच. गाडीवर बदलण्यासारखं एकच उरलं होतं आणि ते बँकेत गेलं होतं.

संध्याकाळी मी मामांना म्हणाले, “मामा, एकदा काट्यावर उभे राहता का? नेमकं वजन कळलं तर तुकडा बरोबर कापता येईल.” आमच्याकडं कास्टिंग तोलायचा मोठा काटा होता.

“मी काय बिडाचं भंगार आहे?”

“एक मिनिट लागेल.”

“कापायचा तेवढा काप,” मामा म्हणाले. “परवा परत बसतो.”

मी त्यांच्याकडं नीट बघायचा प्रयत्न केला. पण घरात मामा सैल सदऱ्यात असत आणि शॉपमध्ये खाकी कोटात. माणूस रोज समोर असला की त्याच्यात होणारा बदल दिसत नाही. तो दिसायला लांबून यावं लागतं, किंवा पट्टी लावावी लागते.

दोन दिवसांनी मामा तयार होऊनच आले. हेल्मेट, जर्किन, बूट. चाचांनी मागून धरलं. मी गाडी दोनदा दाबून सोडली, मग त्यांना बसवलं. रिंग सरकत सरकत बरोबर खुणेवर येऊन थांबली.

मी पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा खुणेवर.

“किती?” मामांनी विचारलं.

“बरोबर.”

“सांगत होतो मी.”

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथं फरशीवर खालीच बसले. चाचा हसले, म्हणाले, आज मी चहा सांगतो, आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर गेले. मामा सावकाश उतरले. जर्किन काढलं आणि नेहमीच्या खिळ्याला अडकवलं.

खिळा भिंतीतून निघाला.

जर्किन खाली पडलं. कपडा पडतो तसला आवाज आला नाही. मी जाऊन ते उचलायला लागले तर एका हातानं उचलेना. आतल्या दोन्ही खिशांत, पाठीच्या अस्तरात, सगळीकडं गोल सळईचे तुकडे होते. आमच्याच शॉपमधले, मीच कापलेले.

“मामा, हे काय?”

“बार.”

“ते दिसतंय. जर्किनमध्ये कशाला?”

मामांनी हातमोजे काढले. एकेक बोट करून काढले. मग स्टुलावर बसले. गेला महिनाभर मी त्यांना हेल्मेटमध्येच जास्त बघितलं होतं आणि तेही चाकापाशी बसून, खालून. आता त्यांचा चेहरा समोर होता. गालांची हाडं वर आली होती. गळ्याशी सदऱ्याचं बटण लावलेलं असूनही आत हात जाईल एवढी जागा होती.

“तुला आकडा बरोबर पाहिजे होता,” मामा म्हणाले. “दिला.”

“कधीपासून आहे हे?”

“जेवण जात नाही. गणपतीच्या आधीपासनंच. मधेमधे रक्त पडतं. मूळव्याध असंल.”

“डॉक्टरांना दाखवलं?”

“दाखवणार की. शर्यत झाल्यावर.”

“मामा, शर्यत जानेवारीत आहे.”

“माहिताय मला. नाव मी दिलंय.” ते थोडं थांबले. “आमचे थोरले बंधू स्वतः गाडी चालवत दवाखान्यात गेले. गाडी परत आणायला मला जावं लागलं. एकदा आत गेलं की बाहेरचं काय राहिलंय ते बघता येत नाही. आधी शर्यत. मग काय कापायचं ते कापा.”

“मी आत्यांना सांगते.”

“सांग.” आवाज चढला नव्हता. लोखंडाची ऑर्डर द्यावी तसं म्हणाले, “उद्यापासून लेथवर दुसरा माणूस येईल.”

बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. लेथ माझ्या मागं होती. मी वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर कदाचित पुढचं जमलं नसतं. मी टेबलावरचा पाना घेतला, गाडीपाशी गेले आणि शॉकअपचं वरचं झाकण उघडायला लागले.

“काय करतीस?”

“स्प्रिंगा काढते.”

एक स्प्रिंग बाहेर आली. मग दुसरी. गाडी पुढून खाली बसली.

“तेल सांडतंय,” मामा म्हणाले.

“पुसते.”

“मी दुसऱ्या आणीन.”

“आणा. जगात असतील की कुठंतरी.”

मी दोन्ही स्प्रिंगा फडक्यात गुंडाळल्या आणि माझ्या पर्समध्ये ठेवल्या. पर्सची चेन लागेना, तशीच खांद्याला लावली.

“उद्या सकाळी डॉक्टर,” मी म्हणाले. “ते काय सांगतात ते तुम्ही घरात सांगायचं, मी नाही. मग स्प्रिंगा परत.”

“आणि डॉक्टर शर्यत नको म्हणाला तर?”

“तर माझ्याकडंच राहतील.”

“आणि लेथ?”

“लेथ तुमची आहे.”

चाचा चहा घेऊन दारात आले, आतलं बघितलं आणि तिथंच उभे राहिले. जर्किन, खिळा, सळया, खाली बसलेली गाडी. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

“नऊला निघू,” मामा म्हणाले. “आत्याला सांगू नकोस. ऑइल सील आणायला चाललोय म्हणायचं.”

दवाखान्यात मामा माझ्या शेजारी बसले होते आणि भिंतीवरच्या तक्त्यांकडं न बघता माझ्या पर्सकडं बघत होते. पर्सच्या तळाला तेलाचा डाग उतरला होता. डॉक्टर केसरकर नावाच्या बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले.

“वजन किती कमी झालंय?”

“पेरभर,” मामा म्हणाले.

“काय?”

मी सगळं सांगितलं. शॉकअप, रिंग, तुकडे. बाईंनी मधे मला दोनदा थांबवलं आणि पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी मामांना काट्यावर उभं केलं. त्याआधी मी त्यांचे खिसे बघितले. मामांनी दोन्ही हात वर करून बघू दिले.

तपासण्यांना आठवडा गेला. मोठ्या आतड्यात गाठ होती. चांगली नव्हती. बाई म्हणाल्या, “अजून आतड्यातच आहे, बाहेर गेलेली दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी आला असतात तर मी असं बोलू शकले नसते. लगेच ऑपरेशन करावं लागेल.”

“शर्यत—” मामा म्हणाले.

“कसली शर्यत?”

“काही नाही,” मामा म्हणाले.

घरी त्यांनी शब्द पाळला. रात्रीच्या जेवणाला सगळे बसल्यावर, आमटी वाढून झाल्यावर, हवामान सांगावं तसं सांगितलं. धैर्यशील ताटावरून उठले. एवढ्या माणसांच्या घरात कुणाच्या कसं लक्षात आलं नाही, असं ते बोलत राहिले. मला, भिंतीला, सगळ्यांना. रडायचं नसलं की ते असेच मोठ्यानं बोलतात.

आत्या वाढत होत्या, ती पळी त्यांच्या हातात तशीच होती.

“जेवण टाकतात ते मला दिसत होतं,” शेवटी त्या म्हणाल्या. “मला वाटलं, माझ्या हाताची चव गेली.”

तेव्हा मला कळलं की दिवाळीपासून आमच्या घरात मसाला दोनदा का बदलला, मिरची नव्यानं का कांडून आणली, आत्या रोज पहिला घास स्वतः खाऊन तोंड वाकडं करून का बघायच्या. मी शॉपमध्ये तुकडे कापत होते आणि घरात त्या चटण्या बदलत होत्या.

आत्या पळी घेऊन आत गेल्या.

“चवीला काही झालेलं नव्हतं,” मामांनी आतल्या दिशेनं सांगितलं. चाळीस वर्षांत त्यांनी स्वयंपाकाबद्दल काढलेले ते पहिले शब्द असावेत. आत बराच वेळ नळ वाहत राहिला.

ऑपरेशन झालं. पुढं सुया, औषधं, उलट्या, सगळं झालं. ते मी सांगत बसत नाही, ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत असतं. मधल्या काळात मी एक दिवस शॉपमध्ये गेले. लेथवर दुसरा माणूस कुणी आला नव्हता. धूळ बसली होती. मी पुसली आणि रखडलेलं काम लावलं. त्याबद्दल मामा नंतरही कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

जानेवारीत शर्यत झाली. त्या दिवशी मामा केमोच्या सुयांसाठी दवाखान्यात होते. दुपारी दार ढकलून उस्मानचाचा आत आले. पायात शर्यतीचे बूट होते आणि बुटांना मातीचा कण नव्हता.

“तू इथं काय करतोस?” मामांनी विचारलं.

“क्लच प्लेट गेली. गाडी उभीच राहिली.”

“कुणी बसवली होती?”

“तुझ्या सुनेनं.”

“मग गेली नसणार,” मामा म्हणाले.

चाचा खुर्ची ओढून बसले. दोघांनी दवाखान्याचा चहा मागवला आणि तो किती वाईट आहे यावर संध्याकाळपर्यंत बोलले.

पुढच्या खंडेनवमीला शॉपमध्ये हत्यारांची पूजा होती. लेथला हार, प्रेसला हार, पाने, पट्ट्या, ड्रिल सगळं मांडलेलं. मी घरून कपाटातल्या त्या दोन स्प्रिंगा आणल्या, पुसल्या आणि कुंकू लावून पाटावर ठेवल्या. मामा पूजेला बसले. अंगानं निम्मे झाले होते, पण जेवत होते. स्प्रिंगांवर त्यांनीही एकेक फूल वाहिलं. दसरा झाल्यावर सकाळी मी शॉपमध्ये पोचले तर शॉकअपचं झाकण उघडं होतं आणि मामा तेल मोजत होते.

क्लब याही जानेवारीत शर्यत भरवणार होता. डॉक्टरबाईंनी त्याला हो म्हटलं नव्हतं. पण नाही म्हणताना त्यांनी ‘पडू नका’ असंही म्हटलं होतं, आणि मामांनी त्याचा अर्थ त्यांच्या पद्धतीनं लावला. धैर्यशील चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मामांसाठी छातीचं संरक्षक कवच आणलं आणि ते मुकाट्यानं टेबलावर ठेवलं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी निघताना आत्या दारात आल्या. मामा शर्यतीला निघाले की त्या देवघरात जाऊन बसायच्या, बाहेर यायच्या नाहीत, असं मी ऐकून होते. त्या दिवशी आल्या आणि विचारलं, “जेवायला कधी?”

“एकला,” मामा म्हणाले.

माळावर आठ म्हातारे आणि आठ गाड्या होत्या. झेंडा पडला आणि पहिल्याच वळणावर दोघं पुढं आले, मामा आणि चाचा. मी मोठ्या उंचवट्यापाशी उभी होते. पहिल्या फेऱ्यांना मामा त्याच्यावरून उडाले. शॉकअप लोण्यासारखा खाली गेला आणि तसाच वर आला. माझ्या शेजारचा एक अनोळखी माणूस म्हणाला, “पुढचं काम कुणी केलंय हे? बघा की कसं झेलतंय.” मी पुढच्या फेरीची वाट बघायला लागले.

शेवटची फेरी आली. दोघं खांद्याला खांदा लावून येत होते, मामांचं चाक जरासं पुढं. लोक ओरडत होते. उंचवटा आला आणि मामांनी गाडी सोडून दिली. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला, हँडल वळवलं आणि बाजूनं पाण्याच्या टँकरला जायला केलेल्या वाटेनं, रविवारी भाजी आणायला निघाल्यासारखे, उंचवट्याला वळसा घालून पलीकडं गेले. चाचा वरून उडाले. मागून आणखी दोघं उडाले. मामा चौथे आले.

मी धावत गेले. “काय झालं? शॉकअप गेला?”

“शॉकअप एक नंबर आहे.”

“मग वळलात का?”

“वाट होती,” मामा म्हणाले.

चाचा हेल्मेट काढत आले. ते जिंकले होते, पण तोंड जिंकल्यासारखं नव्हतं. “जयसिंग, हा काय प्रकार? तू पुढं होतास.”

“तू कप घे,” मामा म्हणाले. “आणि कप घेतलास की लगेच चल. जेवायलाच ये. भाषण ऐकत बसू नकोस.”

आम्ही घरी पोचलो तेव्हा आत्यांनी ताटं मांडली होती. चाचांनी कप ओट्यावर ठेवला, हात धुतले. मामांच्या बुटाची माती दारापासून पाटापर्यंत पडली होती. आत्या ती ओलांडून ताटांपाशी आल्या. त्यांनी पांढरा रस्सा वाढला, भाकरी वाढली आणि मामांकडं डोक्यापासून पायापर्यंत एकदा नीट बघून घेतलं.

“कितवे आलात?” त्यांनी विचारलं.

“वेळेवर,” मामा म्हणाले आणि भाकरी मोडली.